पुढाकाराचा अभाव

आमच्या महाविद्यालयात २०१७ साली तीन दिवसांची नेतृत्वविकास कार्यशाळा झाली होती. तिचा एक निरीक्षणतक्ता अजून माझ्या कपाटात आहे. आठ विद्यार्थ्यांचा एक गट, पाच रकाने, प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण आणि शेवटी शेऱ्यासाठी बोटभर जागा. सातव्या ओळीत एम. ए. मराठीच्या प्रथम वर्षात शिकणाऱ्या एका मुलीचे नाव आहे. संवादकौशल्य तीन, निर्णयक्षमता दोन, आत्मविश्वास तीन. आणि शेऱ्याच्या जागी माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे, 'पुढाकाराचा अभाव'. खाली माझी सही.

हा कागद पुन्हा बाहेर काढण्याचे निमित्त तसे सरकारी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमांत भारतीय ज्ञानप्रणालीला जागा दिली आणि तेव्हापासून भाषेच्या अध्यापकांकडे अधूनमधून विचारणा होऊ लागली. यंदा एका समितीने पदव्युत्तर वर्गासाठी दोन श्रेयांकांच्या एका अभ्यासपत्रिकेचा आराखडा माझ्याकडे मागितला. विषय, आपल्या परंपरेतील नेतृत्वविचार. सोबत नमुन्यादाखल एक जुना आराखडा जोडलेला होता. त्यात राजे होते, अमात्य होते, सेनापती होते, कौटिल्य तर होताच. आणि प्रत्येक घटकाच्या शेवटी 'आधुनिक व्यवस्थापनाशी तुलना' असे एक उपकलम. या थोरांविषयी माझ्या मनात अनादर नाही. पण वीस वर्षे परभणी जिल्ह्यातल्या मुलांना शिकवल्यानंतर एवढे कळते की माझ्या वर्गातल्या तीस-चाळीस जणांपैकी कोणीही राजा होणार नाही. कोणी सरपंच होईल, कोणी बचतगटाची अध्यक्ष, कोणी आशाताई, कोणी आश्रमशाळेवर शिक्षक आणि एखादा ऊसतोड टोळीचा मुकादमही होईल. त्यांनी अमात्यांकडून नेमके काय शिकावे?

त्या कार्यशाळेकडे आधी वळते. प्रशिक्षक मोठ्या शहरातून आलेले होते, माणूस सज्जन आणि उत्साही. सूचना इंग्रजीत, अधूनमधून हिंदीत. खेळ असा होता की प्रत्येक गटाला शंभर स्ट्रॉ आणि एक चिकटपट्टी द्यायची आणि वीस मिनिटांत जास्तीत जास्त उंच मनोरा उभारायला सांगायचे. आम्ही अध्यापकांनी कडेला उभे राहून कोण पुढे होतो, कोण निर्णय घेतो, कोण इतरांना कामाला लावतो हे टिपायचे. माझ्या गटातल्या दोन मुलांनी पहिल्या मिनिटातच सूत्रे हाती घेतली. त्यांचा आवाज सभागृहभर घुमत होता. मनोरा दोनदा कोसळला, तिसऱ्यांदा वेळ संपली. त्या दोघांना मी आठ-आठ गुण दिले.

ही मुलगी तेवढा वेळ एका कोपऱ्यात बसून होती. शेजारी पालमकडच्या एका खेड्यातून आलेली दुसरी मुलगी होती, तिला सूचनेतले अक्षरही समजलेले नव्हते. तिच्या कानाशी लागून ही काहीतरी सांगत होती आणि मग त्या दोघी मिळून स्ट्रॉची टोके एकमेकींत बसवून कांड्या तयार करून ठेवत होत्या. हे मी पाहिले होते. पाहिले नव्हते असे म्हणण्याची सोय मला नाही. पण तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता आणि रकाना नाही म्हणजे गुण नाहीत, इतक्या सरळ हिशेबाने माझे पेन पुढे गेले.

त्या गुणांवरून पुढे एका उन्हाळी शिबिरासाठी दोन विद्यार्थ्यांची निवड झाली. शिबिराला विद्यावेतन होते. तिनेही अर्ज केला होता. निवड झाली नाही तेव्हा ती विभागात येऊन दाराशी उभी राहिली आणि आपले कुठे कमी पडले असे तिने विचारले. मी म्हटले, "तू बोलत नाहीस." ती म्हणाली, "हो मॅडम," आणि गेली.

जून महिना मराठवाड्यातल्या प्राध्यापकांना कसा जातो हे बाहेरच्यांना सांगूनही खरे वाटत नाही. विद्यार्थी मिळाले नाहीत तर तुकडी जाते, तुकडी गेली तर कार्यभार जातो. म्हणून गावे वाटून दिली जातात आणि पदव्युत्तर अध्यापक हातात माहितीपत्रके घेऊन मोटारसायकलींवरून दारोदार फिरतात. २०१८ च्या जूनमध्ये माझ्या वाट्याला जिंतूर तालुक्याचा एक कोपरा आला. त्यात तिचा तांडा होता.

बंजारा तांड्याचे हिवाळ्यातले रूप मला माहीत होते. दिवाळीच्या सुमारास धडधाकट माणसे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसे आणि शाळेपुरती ठेवलेली पोरे उरतात. जूनमध्ये मात्र तांडा भरलेला होता. लिंबाच्या पारावर नायक, कारभारी आणि चार-सहा वडीलधारे बसले होते, समोर मुकादम त्याची वही घेऊन. हंगामाचा हिशोब चालला होता. ज्यांना हा व्यवहार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो, तोडलेल्या उसाच्या टनावर ती फिटत जाते, आणि कामावर न गेलेल्या प्रत्येक दिवसाचा खाडा लागतो. खाड्याचे पैसे कापले जातात. अखेरीस अंगावर बाकी राहिली तर पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, तेव्हा हा 'खाडा' शब्द शहरातल्या वाचकांपर्यंत पोहोचला.

माझी विद्यार्थिनी पारावर नव्हती. पाराखाली, थोड्या अंतरावर, बायका जमिनीवर बसल्या होत्या; ती त्यांच्यात होती. तिच्याकडे दोनशे पानी वही होती. मुकादमाने एखाद्या कोयत्याचे खाडे वाचले की ती त्या घरातल्या बाईकडे वळायची आणि गोरमाटीत काहीतरी विचारायची. बायकांना तारखा आठवत नव्हत्या, पण दिवस आठवत होते. पोराला ताप भरला तो दिवस, गाडीची धुरी मोडली तो, अमावास्येचा, कारखान्यानेच तोड बंद ठेवली होती तो. एकीचे आठवणे दुसरीच्या आठवण्याशी जुळवून ती वहीत खुणा करत होती. तिचे कोणाशीही भांडण चाललेले नव्हते. साऱ्या जणींचे झाल्यावर तिने उठून वही कारभाऱ्याच्या हातात दिली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली. कारभाऱ्याने आकडे वाचले. एका बाईच्या नावावर नऊ खाडे होते, त्यातले चार कारखान्याच्या बंद तोडीचे निघाले. मुकादम तावातावाने बोलला, नायकाने त्याला बोलू दिले. काही कोयत्यांचे खाडे कमी झाले, काहींचे तसेच राहिले, दोघांचा वाद दसऱ्यावर गेला. फार मोठा विजय वगैरे काही झाला नाही.

नंतर तिच्या घरी चहा घेताना मी विचारले, एवढे सगळे तूच काढलेस, मग पारावर जाऊन का सांगितले नाहीस?

"वर जाऊन बसले असते तर बाया बोलल्याच नसत्या मॅडम," ती म्हणाली. मग थोडे थांबून हसली. "आन् वर बसू बी दिलं नसतं."

या दोन वाक्यांपैकी पहिले ऐकून मला माझ्या तक्त्याची शरम वाटली. दुसरे वाक्य मला नीट ऐकू यायला आणखी काही वर्षे लागली.

यंदा आराखडा हाती आल्यावर, एखाद्या समाजाच्या स्वतःच्या मूल्यांवर उभे असलेले नेतृत्वाचे पदव्युत्तर शिक्षण जगात कुठे दिले जाते का, हे मी शोधू लागले. तेव्हा अमेरिकेच्या साउथ डाकोटा राज्यातील ओग्लाला लकोटा महाविद्यालयाची माहिती मिळाली. पाइन रिज हा लकोटा लोकांचा राखीव प्रदेश आकाराने आपल्या परभणी जिल्ह्याहून मोठा. तिथे १९७१ साली त्या लोकांनी स्वतः हे महाविद्यालय स्थापन केले. मुख्य ठिकाण काइल या गावाजवळ, पण वर्ग एकाच ठिकाणी भरत नाहीत. राखीव प्रदेशाच्या नऊही विभागांत त्याची केंद्रे आहेत. तांड्यातांड्यावर महाविद्यालय असावे तसे. तिथे 'लकोटा नेतृत्व आणि व्यवस्थापन' या विषयात एम. ए. करता येते. अंदाजपत्रक, कर्मचारी, शाळांचे प्रशासन हे सारे त्यात आहे. पण त्याचा पाया लकोटा लोकांनी मानलेल्या मूल्यांवर आहे. त्यांतली चार विशेष महत्त्वाची, वोओहितिका म्हणजे शौर्य, वाचान्तोग्नाका म्हणजे औदार्य, वोवाचिन्तांका म्हणजे सोशिक धैर्य आणि वोक्सापे म्हणजे शहाणपण.

यादी म्हणून पाहिले तर यात विशेष काय, असे कोणालाही वाटेल. शाळेच्या भिंतीवर असे चार शब्द आपल्याकडेही रंगवलेले असतात. विशेष आहे ते या शब्दांमागच्या रीतींत. जुन्या लकोटा व्यवस्थेत प्रमुखाला हुकूम सोडण्याचा अधिकार जवळजवळ नव्हता. त्याचे म्हणणे पटले तर लोक त्याच्याबरोबर राहत, नाही पटले तर कुटुंबे आपले तंबू उचलून दुसऱ्या तळावर जात. ज्याच्याकडे अधिक घोडे त्याने ते अधिक वाटायचे. साठवणारा माणूस मोठा मानला जात नसे. बैठकीत एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालणे असभ्य, आणि एखाद्याचे बोलणे संपल्यावर क्षणभर गप्प राहणे हा त्याचा मान. माझ्या तक्त्यात हे गप्प राहणे 'आत्मविश्वास' या रकान्यात तीन गुणांना गेले असते.

हे सारे शाबूत राहिले आणि मग त्याचा अभ्यासक्रम झाला, असेही नाही. १८७९ मध्ये पेन्सिल्वेनियातील कार्लाइल येथे निवासी शाळा निघाली आणि लकोटा मुले आगगाडीने तिकडे नेली गेली. त्यांचे केस कापले, भाषा बंद केली. पहिल्या तुकडीतल्या ल्यूथर स्टँडिंग बेअरने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की फळ्यावर अनोळखी नावे लिहिलेली होती आणि मुलांनी हातात काठी घेऊन त्यांतल्या एकावर टेकवायची; ज्यावर काठी टेकली ते आपले नाव. त्यालाही 'ल्यूथर' असेच मिळाले. १८८३ च्या सरकारी नियमावलीने सूर्यनृत्यासारखे विधी गुन्हा ठरवले. १८९० च्या डिसेंबरात वुंडेड नी येथे अडीचशेहून अधिक लकोटा माणसे, बायकामुलांसह, सैन्याच्या गोळीबारात मारली गेली. ती जागा याच पाइन रिजमध्ये आहे. ज्या लोकांना नाव फळ्यावरून उचलावे लागले त्यांच्या नातवंड-पतवंडांनी 'नेता' या शब्दाचा अर्थ फळ्यावरून न उचलता आजीला विचारून घ्यायचे ठरवले, असे मला या पदवीकडे पाहताना वाटते. अर्थात हे दुरून वाटणे आहे. मी तिथे गेलेली नाही.

जिथे गेले होते ते आपलेच गाव आहे, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले मेंढा. लेखा या शेजारच्या गावाच्या नावासह ते मेंढा-लेखा म्हणून ओळखले जाते. २०१९ च्या जानेवारीत एम. ए. द्वितीय वर्षाच्या नऊ विद्यार्थ्यांना घेऊन एस. टी. बदलत बदलत आम्ही दीड दिवसात तिथे पोहोचलो. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट, मेंढा गावाची' आम्ही वर्गात वाचले होते आणि मुलांनी स्वतःच जाण्याचा हट्ट धरला होता. माझी ती विद्यार्थिनीही बरोबर होती. तिचे आईवडील तेव्हा उसाच्या फडावर होते.

मेंढा हे सुमारे पाचशे वस्तीचे गोंड गाव. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम येथे होऊ घातलेल्या धरणांविरुद्ध जी 'जंगल बचाव, मानव बचाव' चळवळ झाली, तिच्यात हे गाव होते. त्यातून देवाजी तोफा यांच्यासारखी माणसे घडली आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल गावाशी जोडले गेले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मेंढ्याला मिळाला, देशात अगदी आरंभी ज्यांना तो मिळाला त्यांपैकी हे एक गाव. २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला. हे सगळे वर्तमानपत्रांत येऊन गेलेले आहे.

मला सांगायचे आहे ते या गावाच्या शिकण्याच्या पद्धतीविषयी. मेंढ्यात दोन वेगवेगळ्या बैठका असतात. एक ग्रामसभा आणि दुसरा अभ्यासगट. अभ्यासगटात कोणीही येऊन बसावे, बाहेरच्या माणसालाही बोलवावे, कायदा वाचावा, शंका काढाव्यात, वाटेल तितका वाद घालावा. मात्र अभ्यासगटाला निर्णय घेण्याचा अधिकार नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत विषय पुढच्या बैठकीवर जात राहतो. गावातली दारू बंद करण्याच्या निर्णयालाही असाच पुष्कळ काळ लागला. ग्रामसभेत घरातल्या पुरुषाबरोबर स्त्रीनेही आले पाहिजे हा आग्रह. शिकणे आणि ठरवणे यांची अशी फारकत मी एकाही विद्यापीठात पाहिलेली नाही. आमच्याकडे अभ्यासमंडळ ठरवते आणि मग कोणीतरी त्याचा अभ्यास करते.

आणि हे शिकणे त्यांनी अगदी नव्याने शोधलेले नाही. गोंडांचे घोटुल हे तरुण मुलामुलींचे शिक्षणाचे ठिकाणच होते. काम, नाच, गाणी, वडीलधाऱ्यांशी आणि आपसांत वागण्याची रीत तिथेच अंगी येई. बाहेरच्या लोकांनी त्याविषयी नको ते बोलून त्या संस्थेला लाज आणली आणि बऱ्याच गावांतून ती नाहीशी झाली. मेंढ्याने घोटुल पुन्हा उभारले. आज तिथे बैठका होतात. आम्हीही तिथेच बसलो. जमिनीवर, गोल. आमच्यातला एक मुलगा सवयीने हात वर करून उभा राहू लागला तेव्हा त्याला खाली बसूनच बोलायला सांगण्यात आले. चर्चा मराठीत चालली होती, मध्येच गोंडीत जाई, आणि मग कोणीतरी आमच्यासाठी थांबून ते पुन्हा मराठीत सांगे. ही थांबण्याची गोष्ट मला फार जवळची वाटली, कारण आम्ही नऊ-दहा पाहुणे नसतो तरी त्यांचे काही अडणार नव्हते.

परतीच्या वाटेवर ती माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ खिडकीबाहेर पाहून म्हणाली, "मॅडम, तिथं बाया कुठं बसल्या होत्या ते बघितलं का?"

मी पाहिले नव्हते. बायका गोलातच बसलेल्या होत्या, म्हणून त्या माझ्या लक्षात आल्या नव्हत्या.

त्याच प्रवासात मी तिला तक्त्याविषयी सांगितले. शिबिर माझ्या गुणांमुळे हुकले हेही सांगितले. ती रागावली असती तर बरे वाटले असते. ती म्हणाली, "तुमी लिहिलं ते खरंच होतं की मॅडम. पुढं तर मी गेलेच नव्हते." आणि मग तिने पिशवीतून शेंगदाणे काढून सगळ्यांना दिले.

आता आराखड्याकडे. लकोटा आणि मेंढा ही दोन उदाहरणे घेऊन समितीपुढे जाणे सोपे आहे, आणि तिथेच मला भीती वाटते. लकोटा लोकांवरचा घाला बाहेरून आला. त्यामुळे 'आपल्या मूल्यांकडे परत जाऊ' असे ते म्हणतात तेव्हा त्या 'आपल्या'त कोण, हा प्रश्न त्यांना आमच्याइतका टोचत नसावा. आमच्या मराठवाड्यात घाला आतूनही आहे. गावकी, पाटीलकी, जातपंचायत हीही आपलीच परंपरा, आणि तिच्यात नेतृत्व कोणाकडे होते व वेशीबाहेर कोण होते हे शिकवायला पदव्युत्तर वर्गाची गरज नाही. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध विधिमंडळाला २०१६ मध्ये कायदा करावा लागला. विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला तेव्हा मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर काय गुदरले आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ कसा उजाडावा लागला, हे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी घरी ऐकलेले असते. त्यांना मी 'आपल्या परंपरेतले नेतृत्व' असे म्हटले की ती मुले खाली पाहतात. माझ्या मुलीचे ते दुसरे वाक्य, वर बसू बी दिलं नसतं, मला खरे ऐकू आले ते अशा एका तासाला.

म्हणून आराखड्यात मी बाबासाहेबांना घेतले आहे, आणि ते परंपरेविरुद्धचा उतारा म्हणून नाही. १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले. हैदराबाद संस्थानातून नुकत्याच मोकळ्या झालेल्या या मागास भागात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढणारी किती मुले तिथे घडली, हे वेगळे सांगायला नको. त्या महाविद्यालयाला त्यांनी नाव दिले ते एका ग्रीक राजाचे, मिलिंदाचे, आणि परिसराला नाव दिले नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तरे देणारा भिक्खू. बाबासाहेबांनी परंपरा नाकारली असे आपण सरसकट म्हणतो, पण इथे त्यांनी ती निवडून घेतली आहे. वारशाने आलेले मूळ नाकारून त्यांनी दुसरे, त्याहून जुने मूळ शोधले. पुढे १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी त्यांनी एक प्रशिक्षण शाळाही सुरू केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले. नेतृत्वाचे शिक्षण असे रीतसर द्यावे लागते, हे एवढ्या लवकर ओळखणारे आपल्याकडे किती होते?

दुसरे नाव नागदेवाचार्यांचे. हे लिहिताना संकोच वाटतो, कारण 'स्मृतिस्थळ' मी वीस वर्षे शिकवते आहे. चक्रधरांच्या पश्चात पंथ सांभाळणाऱ्या भटोबासांपुढे केशिराजांसारखे मोठे संस्कृत पंडित होते. त्यांना संस्कृतातून बोलायचे होते, लिहायचे होते. भटोबासांनी त्यांना अडवले, आणि कारण दिले ते पंथातल्या साध्यासुध्या माणसांचे, म्हाताऱ्या बायांचे. संस्कृतात गेले की त्या मुकतील. हा प्रसंग आम्ही दरवर्षी 'महानुभावांचा मराठीविषयीचा अभिमान' या दहा गुणांच्या प्रश्नासाठी शिकवतो. मुलेही तसेच लिहितात. पण भटोबासांना अभिमानाची चिंता दिसत नाही. ज्या बैठकीचे आपण प्रमुख आहोत त्या बैठकीतून कोण बाहेर राहील, याची चिंता दिसते. पहिल्या दिवसापासून हे माझ्यासमोर छापलेले होते. आणि इंग्रजी सूचना न समजलेल्या मुलीच्या कानाशी लागून दुसरी मुलगी सांगत होती तेव्हा मी तिला दोन गुण दिले.

समितीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी हे बोलून दाखवले. ते म्हणाले, बाई, हे सारे निबंध म्हणून ठीक आहे, पण याचे मूल्यमापन कसे करणार? प्रश्न रास्त आहे. ऐकून घेण्याला गुण कसे द्यायचे? देता येतील असे ठरवले तर पुढच्या वर्षी मुले ऐकून घेण्याचा अभिनय करतील आणि मी पुन्हा एकदा त्यांना आठ-आठ देईन. मेंढ्याच्या अभ्यासगटात परीक्षा नव्हती, गावाला पुढे त्याच माणसांबरोबर राहायचे होते हीच परीक्षा. पाइन रिजच्या महाविद्यालयात मात्र पदवी आहे, म्हणजे गुण असणारच, आणि त्यांनी ते कोडे कसे सोडवले हे मी आता पत्र लिहून विचारणार आहे. आपल्याकडे क्षेत्रकार्याचे अर्धे श्रेयांक ठेवून ते गावाच्या बैठकीत बसून करायला लावता येईल, एवढे मला सुचले आहे. बैठक कोणती, आणि मुलांनी पारावर बसायचे की खाली, हे ज्याच्या त्याच्या गावावर सोडावे लागेल.

एक घटक मी तिच्यासाठी मोकळा ठेवला आहे. ती आता जिंतूरला तासिका तत्त्वावर शिकवते आणि तांड्यातल्या बायकांच्या बचतगटाची वही सांभाळते. गेल्या आठवड्यात मी तिला फोन करून विचारले की हिशोबाच्या बैठकीवर, खाडे कसे लावतात आणि कसे तपासतात यावर, आमच्या वर्गापुढे दोन तास बोलशील का. मानधन थोडे आहे पण आहे. ती लगेच हो म्हणेल असे मी धरून चालले होते.

ती म्हणाली, "बायांला इचारावं लागंल मॅडम. त्यांच्या घरचे आकडे हायेत ते."

कधीपर्यंत कळवशील, असे मी विचारले. बाया अजून फडावरून आलेल्या नाहीत, आल्या की विचारते, म्हणाली. आराखडा पंधरा तारखेला द्यायचा आहे. तो घटक कोराच ठेवून, पुढे 'विचारणा चालू' असे लिहून मी पाठवणार आहे.